रिकाम्या जागेला ‘येतो’ म्हणू नये

फोन ठेव नील. घोस्ट स्टोरी हवी ना? मग हा शशीकाका सांगतो ती खरी ऐक. आणि वरदा, आत्ताच हसू नकोस.

बेसिंगस्टोकचा परीक्षित तुम्ही पाहिलाय. रेडिऑलॉजिस्ट. माझा मित्र, म्हणजे दर दिवाळीला त्याची बडबड ऐकायची शिक्षा मला आहे. जन्मात कधी झुरळ मारलं नाही, आणि पन्नाशीत याला शिकारीचं खूळ! हॉस्पिटलातल्या गोऱ्या कन्सल्टंट्समध्ये मिरवायचं होतं, दुसरं काय? ट्वीडची टोपी आली, रायफल आली, अंधारात अंगाची ऊब दाखवणारा थर्मल कॅमेरा आला. उथळ पाण्याला खळखळाट फार. जेवायला बसलो की लेक्चर सुरू. हरणं कुठून येतात, कुठे चरतात, पाचोळा खुरांनी सारून कशी बसतात. बायको वैजयंती पक्की शाकाहारी. ती बिचारी वरण वाढत ऐकायची.

काय नील? “हरीण रोज सेम जागेवर बसतो का?” ‘बसतो’ नाही राजा, ‘बसतं’. आणि रोज त्याच जागी नाही बसत. जागा बदलतं. पण उठवलं तरी फार लांब जात नाही, फिरून जवळपासच येतं. हे ज्ञानही परीक्षितचंच.

तर गेल्या नोव्हेंबरात हरणांच्या माद्या मारायचा सीझन सुरू झाला, त्यानंतरचा पहिला शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घालायची, म्हणून संध्याकाळीच हा जागा हेरायला गेला. रायफल घरी. शेतकऱ्याची परवानगी होती, रान पायाखालचं होतं. उतारावर बसायच्या जागा सापडल्याही. दाबलेलं गवत, लांबट गोल. स्वारी खूश. फोटो काढता काढता अंधार पडला.

पलीकडे अजून एक जागा होती. लांब. माणसाएवढी.

हात लावला. ऊबदार.

कॅमेरा फिरवला. काही नाही. ससासुद्धा नाही.

निघाला. पण आपल्या लोकांची जित्याची खोड... कुठूनही निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही ना? या दीडशहाण्याने त्या रिकाम्या जागेकडे बघत, सवयीने म्हटलं, “येतो हं.”

...

मागून आवाज आला. अगदी हळू.

“या.”

इथे इंग्लंडात, हॅम्पशायरच्या रानात. मराठीत. यजमानाने दारात उभं राहून म्हणावं तसं.

धूम पळाला. घरी येऊन वैजयंतीला म्हणाला, “मी परत तिथे पाऊल टाकणार नाही.”

ती म्हणाली, “पण तू येतो म्हणालास ना?”

“Don’t be ridiculous! ते काय कॉन्ट्रॅक्ट आहे?”

रायफल विकून टाकली. शूर शिकारी! वैजयंतीला मात्र एकच धास्ती. हा गेला नाही, तर याला न्यायला कोण येईल?

आठवड्याने जिन्याच्या वरच्या लँडिंगवर, त्यांच्या बेडरूमच्या दाराबाहेर, कार्पेट दबलेलं दिसलं. लांबट. तिने हूव्हर फिरवला. ब्रशने घासलं. उठेना. रडत मला फोन केला. मी कॉव्हेंट्रीहून हसत हसत गेलो. खाली बसलो. हात लावला...

...

नाही वरदा, ते विचारू नकोस.

त्यांनी कार्पेट बदललं. चांगलं जाड घेतलं. गेल्या रविवारी मी जाऊन आलो.

नव्यावरही ठसा आहे. फक्त आता तो दाराच्या आत आहे. पलंगाला लागून... परीक्षितच्या बाजूला.