हिंगाची आमटी आणि हिरवे चंद्र

माणसाच्या रक्तात त्याचं सगळं भविष्य लिहिलेलं असतं आणि जाणकाराला ते सहज वाचता येतं, हे विज्ञानानं सिद्ध केलेलं सत्य आहे. निदान आंबेवळीचे अण्णा शेडगे तसं सांगत असत. अण्णा आचारी होते. विज्ञानाशी त्यांचा संबंध प्रेशर कुकरपुरता होता.

हे सत्य सांगताना त्यांच्या एका हातात हळिवाचा लाडू होता आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर त्यांच्या मुलीचा, चैत्रालीचा, रक्ताचा रिपोर्ट होता. महिन्याभरापूर्वी तिला ताप येऊन गेला, ताप गेल्यावरही गुडघे दुखत राहिले, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली होती. रिपोर्ट तीन ओळींचा होता. केंद्रकविरोधी प्रतिपिंड : आढळले. प्रमाण : १:८०. नक्षी : ठिपकेदार.

पहिली आणि तिसरी ओळ घरात कोणालाच कळली नाही. दुसरी अण्णांना कळली, आणि तिथंच घोटाळा झाला.

"एकास ऐंशी," अण्णा हळूच म्हणाले. "एक पळी आमटी आणि ऐंशी पळ्या पाणी. पोरीचं रक्त पातळ झालंय."

पातळ या विषयावर आंबेवळीत अण्णांच्या पुढे कोणी बोलत नसे. पंगतीला ऐनवेळी दोन नावा भरून पाहुणे उतरले की ते आमटीत पाणी वाढवत, आणि शेवटच्या पानावरचा माणूसही बोटं चाटत उठे. अशा माणसानं रक्त पातळ म्हटलं की ते पातळच. त्याच संध्याकाळी हळीव, खजूर आणि बीट घरात आलं. चैत्रालीचं रक्त आटवून घट्ट करायचा कार्यक्रम सुरू झाला.

तेवढ्यावर भागलं असतं तर ती गप्प राहिली असती. पण अण्णांनी पुढचं वाक्य उच्चारलं. "आणि यंदा कळस नाही."

इथं आंबेवळीबद्दल थोडं सांगायला हवं. आंबेवळ्या दोन आहेत. एक काठावर, ती नवी. दुसरी धरणाच्या पाण्याखाली, ती जुनी. वैशाखात पाणी उतरलं की जुन्या आंबेवळीच्या देवळाचा कळस तेवढा पाण्याबाहेर येतो. ज्या मुलाला किंवा मुलीला बारा वर्षं पूर्ण झाली असतील, त्यानं नव्या घाटावरून पोहत जाऊन त्या कळसाला हात लावायचा, अशी गावाची परंपरा आहे. परंपरा प्राचीन मानली जाते. खरं म्हणजे ती अण्णांच्या वडिलांच्या वेळची आहे. त्यांचं एक मोठं पातेलं वाहत गेलं होतं आणि ते कळसाला अडकलं. ते आणायला गेलेल्या पोरांना गावानं पेढे वाटले, आणि पुढच्या वर्षी पातेलं नसतानाही पोरं गेली.

तरी परंपरा ती परंपरा. चैत्राली तीन वर्षं या वैशाखाची वाट बघत होती. आणि धरणातलं पाणी आठवड्यात चढणार होतं.

दुपारभर ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसे. पाणी इतकं स्थिर असे की डोंगर त्यात डोकं खाली करून झोपलेले दिसत. तिला वाटे, खाली जुन्या गावात आता मासे दारातून आत जात असतील, उंबरठा ओलांडताना शेपटी जपत असतील. आणि आपल्या आतही असंच एक गाव आहे, जे आपण कधी पाहिलं नाही. तिथं काहीतरी बिघडलंय आणि ते कुणी आपल्याला नीट सांगत नाहीये. तीन ओळी लिहून मोकळे झालेत.

चौथ्या दिवशी सकाळी धुक्यातून निदाननौका आली. ही सूर्यप्रकाशावर चालणारी पांढरी बोट काठाकाठानं गावं फिरत असे आणि रक्त, लघवी, पाणी, जे म्हणाल ते तपासत असे. चैत्रालीचा रिपोर्टही तिथलाच होता. बोटीवर माणूस नव्हता. एक यंत्रमानव होता. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, त्यामुळे सगळा काठ त्याला कंपाउंडर म्हणे.

चैत्राली निघाली तेव्हा अण्णाही चपला घालून उभे राहिले. हातात आमटीचा डबा होता.

"अण्णा, तो यंत्र आहे. तो जेवत नाही."

"न जेवू दे. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं."

कंपाउंडरनं डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं, वास घेण्याची सोय नसल्यामुळे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "आभारी आहे. काय होतंय?"

"माझं रक्त पातळ आहे का?" चैत्रालीनं विचारलं.

"नाही."

"अरे नाही कसं?" अण्णा पुढे झाले. "तूच लिहिलंयस ना, एकास ऐंशी. ऐंशी पट पाणी."

"पाणी आहे. पण ते तिच्या रक्तात नव्हतं. मी घातलं."

बाहेर एक पाणकोंबडी ओरडली.

"तू घातलंस," अण्णा म्हणाले. "आणि मी पोरीला हळीव चारतोय."

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला कुणी विचारत नाही. सगळे रिपोर्ट घेऊन घरी जातात आणि आपसात ठरवतात." कंपाउंडरनं चार वाट्या मांडल्या. "अण्णा, तुमच्या आमटीत हिंग किती आहे, हे मला शोधायचंय. मला जीभ नाही. कसं शोधू?"

"चैतीला चाखायला दे."

"ती म्हणेल, आहे. पण थोडा आहे की खूप?"

अण्णांनी क्षणभर विचार केला. हा त्यांच्या धंद्यातला प्रश्न होता. "पाणी वाढवत जायचं," ते म्हणाले. "हलका हिंग असला तर पहिल्या वाढीलाच बसतो. खडा हिंग असला तर किती पाणी घाला, वास येतोच. माझा खडा हिंग आहे."

"मी तेच करतो," कंपाउंडर म्हणाला.

त्यानं वाटीत आमटी आणि पाणी मिसळलं, त्यातलं अर्धं पुढच्या वाटीत घेऊन तेवढंच पाणी घातलं, मग त्याच्याही पुढे. चैत्राली एकेक वाटी चाखत गेली. तिसरी वाटी दिसायला नुसत्या हळदीच्या पाण्यासारखी होती, पण हिंग होता. चौथीत तिनं डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, थांबली. "गेला."

"म्हणजे तिसऱ्या वाटीपर्यंत टिकला. तो आकडा मी लिहीन. रक्ताचंही असंच. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी उरतं, त्याला रक्तजल म्हणतात. त्यात मी हिंग शोधत नाही, प्रतिपिंड शोधतो (शरीरात शिरलेल्या परक्या जंतूंना चिकटून त्यांना पकडून देणारे बारीक रेणू). ऐंशी पटीपर्यंत पातळ केलं तरी ते दिसत होते. त्याच्या दुप्पट केलं तर दिसेनात. म्हणून एकास ऐंशी."

"म्हणजे आकडा मोठा तेवढा हिंग जास्त," चैत्राली म्हणाली.

"बरोबर. आणि ऐंशी हा इथं लहान आकडा आहे. काहींचा हजाराच्या पुढे जातो."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला होता. चैत्रालीचा नाही.

"पण जंतूंना पकडणारे असतात तर ते चांगलेच ना? मग 'आढळले' असं का लिहिलंय, चोर आढळल्यासारखं?"

कंपाउंडरनं खिडकीवरचे काळे पडदे ओढले आणि तिला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं. "ही काच तुझी आहे. बघ."

तिनं डोळा लावला आणि तिचा श्वास मंद झाला.

काळंभोर आकाश होतं, आणि त्यात हिरवे चंद्र. एक नाही, शेकडो. आवाज न करता लुकलुकणारे, जवळजवळ दाटलेले. प्रत्येक चंद्रावर बारीक बारीक ठिपके, कुणी रांगोळी चाळून टाकल्यासारखे. तिला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत, जुन्या आंबेवळीवरून तरंगत चाललोय आणि खाली घराघरात कुणीतरी दिवे लावून ठेवलेत.

"हे मी आहे?"

"नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी आहेत या (शरीर ज्यांनी बनतं त्या सूक्ष्म खोल्या). सगळ्यांच्या तपासणीला याच वापरतात. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्या खोलीचं देवघर म्हण. माणूस घडवायच्या सगळ्या सूचना तिथं ठेवलेल्या असतात. या काचेवर मी तुझं रक्तजल सोडलं. तुझ्यातले काही प्रतिपिंड त्या देवघरांना जाऊन चिकटले. उरलेले धुऊन टाकले. मग त्या चिकटलेल्यांना चिकटेल असा रंग सोडला. त्याच्यावर निळा प्रकाश पाडला की तो हिरवा उजळतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. चंद्र तुझे नाहीत. चांदणं तुझं आहे."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "देवघराला चिकटले. परक्यांना पकडायचं सोडून घरातल्यालाच."

"हो."

"म्हणजे माझेच राखणदार माझ्यावर उठलेत."

अण्णांनी डबा खाली ठेवला.

"तुमच्याकडे कुत्रा आहे ना?" कंपाउंडरनं विचारलं.

"काळू," अण्णा म्हणाले. "त्याचं इथं काय?"

"तो कुणावर भुंकतो?"

"अनोळखी माणसावर. आणि माझ्यावर. लग्नाचं काम उरकून पांढरी टोपी घालून आलो की ओळखतच नाही मेला."

"चावला का कधी?"

"छे. टोपी काढली की पायात लोळतो."

"प्रतिपिंड तसे असतात. राखण करता करता काही घरच्यांवरही भुंकतात. ताप येऊन गेला की जरा जास्त. धडधाकट माणसांच्या गावात ऐंशी पट पातळ करून तपासलं, तर शंभरातल्या दहाएक जणांच्या काचेवर असे चंद्र उगवतात, आणि ती माणसं म्हातारी होऊन मरतात. क्वचित कुणाचा कुत्रा खरोखर घरच्यांना चावायला लागतो. सांधे सुजतात, अंगावर चट्टे येतात, मूत्रपिंडं बिघडतात. त्याला स्वयंप्रतिकाराचा आजार म्हणतात. त्यावरही औषधं आहेत, आणि दर वर्षी ती सुधारताहेत. पण माझी काच फक्त भुंकणं ऐकते. चावलंय का, हे अंगावर बघावं लागतं. ते काम डॉक्टरांचं."

चैत्राली मागे वळली. डोळ्यांत अजून थोडा हिरवा उजेड उरला होता. "कळस दिसला म्हणून काही सगळं गाव वर आलं असं होत नाही."

"हे मी पुढच्या गावात वापरतो," कंपाउंडर म्हणाला.

त्याच्या छातीवरच्या पडद्यावर तालुक्याच्या डॉक्टर इनामदार आल्या. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं चैत्रालीचे गुडघे वाकवले, दाबले, बोटं तपासली, लघवीचा नमुना घेऊन तिथंच निकाल सांगितला. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी सांधे आखडतात का, तोंडात फोड येतात का, उन्हानं चट्टे उठतात का. कशालाच हो नव्हतं.

"गुडघे अजून दुखतात?"

"थांबले. पण मधे दुखत होते." तिनं अण्णांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तापात पाण्यात जाऊ देत नव्हते, म्हणून फरशीवर बेडकासारखे पाय मारून सराव करत होते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "थोडं तापामुळे, थोडं फरशीमुळे. आत्ता आजार दिसत नाही. सांधे सुजले किंवा चट्टे उठले तर लगेच यायचं, सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं. बाकी पोहायला हरकत नाही. पाण्यात."

बापाचा जीव एका काचेनं भांड्यात पडत नाही. अण्णा चपलेचा अंगठा फिरवत राहिले, मग म्हणाले, "नाव मी वल्हवणार. हिच्या शेजारून. दमली की वर ओढणार."

"दमले तर," चैत्राली म्हणाली.

"दमली की."

"अण्णा, दमले तर."

"बरं. तर."

पाणी चढायच्या आदल्या पहाटे ती उतरली. धुकं पाण्यावर निजलं होतं, आणि मागं अण्णांच्या वल्ह्याचा आवाज कुणी झोपेत कूस बदलावी तसा येत होता. खाली काळोख होता. तिला त्यात शेकडो हिरवे दिवे दिसत होते, आणि त्यांची आता भीती वाटत नव्हती. आपल्या आतलं गाव जागं आहे, राखणदार भुंकताहेत, भुंकू देत. कधीतरी आपण मोठं होऊ, आणि काळूला टोपीतले अण्णा ओळखायला कसं शिकवायचं, ते शोधून काढू. मग हाताला दगड लागला. थंड, शेवाळलेला, अगदी लहान. तिनं तो घट्ट धरला. नावेत अण्णांनी वल्हं खाली ठेवलं, टोपी काढली आणि उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ.

परतताना निदाननौका घाटालाच उभी होती. अण्णांना आता शास्त्राची गोडी लागली होती. ते म्हणाले, माझंही बघ, माझ्यासारखं घट्ट रक्त काठावर नाही. कंपाउंडर म्हणाला, काही होत नसताना ही तपासणी करू नये, नुसती काळजी पदरात पडते. पण अण्णा बाही वर करून बसलेच होते, आणि ताडून बघायला निरोगी माणसांचे नमुने त्याला लागतच असत.

अण्णांचा निकाल एकास एकशे साठ आला. उरलेले हळिवाचे लाडू त्यांनीच संपवले.