एकास पन्नास

कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि पाठीमागेही, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण माणूस होताच तसा. खेळण्यांच्या त्या कारखान्यात तो नमुनाकार होता. डंपर, रोलर, क्रेन अशा बांधकामाच्या गाड्या त्याने खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाने घडवायच्या, त्या नमुन्यांवरून पोलादी साचे व्हायचे, आणि साच्यांतून हजारो खेळणी. खऱ्या डंपरच्या चाकाला दहा नट असतील तर याच्या टीचभर डंपरलाही दहाच. एकदा नऊ झाले, तर पठ्ठ्याने सगळी चाकं मोडून पुन्हा केली. "पोरं मोजतात," तो म्हणायचा. पोरं कशाला मोजतील! पण त्याला सांगणार कोण?

या खेपेला टॉवर क्रेन होती. चाळीस मीटर उंच, म्हणजे खेळण्यात ऐंशी सेंटिमीटर. खरी क्रेन शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही, कारण त्याची धाकटी बहीणच एका मोठ्या इमारतीच्या कामावर तसली क्रेन चालवत होती. घरात आई, तो आणि धाकटी अशी तीनच माणसं. वडील गेल्यावर तिला शाळेत सोडणं, तिची पुस्तकं शिवणं, सगळं यानेच केलेलं. जमिनीवर हा खेळण्यातली क्रेन करतो आणि बहीण ढगात बसून खरी फिरवते, यावर घरात रोज चेष्टा चाले.

"उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते तुझं काम," तो म्हणायचा.

"आणि तू शेळ्याच पन्नासाव्या हिश्शाच्या करतोस," ती म्हणायची.

मापं घ्यायला तो गेला तेव्हा शिडीच्या चौथ्या पायरीवरच त्याला गरगरलं. मग टेप घेऊन धाकटी वर चढली, वरून वॉकीटॉकीवर आकडे ओरडत राहिली, आणि खाली हा पेन्सिलीने वहीत उतरवत राहिला. शिडीच्या दोन पायऱ्यांतलं अंतर तीस सेंटिमीटर. पायरीची जाडी दोन. कठड्याचा पाइप चार. वही भरली.

आता या धंद्यात एक लबाडी सगळेच करतात आणि मिलिमीटरला तिची मनापासून चीड होती. दोन सेंटिमीटरची पायरी पन्नासाव्या हिश्शाने केली तर केसाएवढी होते आणि पोराच्या हातात पहिल्याच दिवशी मोडते. म्हणून पायऱ्या जाड करायच्या, एकाआड एक गाळायच्या, कठडे फुगवायचे. जे आत आहे आणि दिसत नाही ते करायचंच नाही. नमुन्याला मंजुरी देणाऱ्या बाई, ज्यांना अख्खा कारखाना शिक्केबाई म्हणे, त्या याबाबतीत एक पाऊल मागे घेत नसत. चिडचिड करत त्याने शिडी जाड केली, निम्म्या पायऱ्या काढल्या. सोमवारी दुपारी शिक्केबाईंनी शिडीसकट मनोऱ्याच्या नमुन्यावर शिक्का मारला आणि तो साच्याला गेला.

त्याच संध्याकाळी जेवताना धाकटी गुडघे चोळत होती.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"शिडी, दुसरं काय. एका पायरीवरून दुसरीवर पाय टाकायचा म्हणजे टेबलावर चढल्यासारखं. पहिल्यापासून तसंच आहे म्हणा."

"टेबल कसलं? तीस सेंटिमीटर तर आहे," मिलिमीटर म्हणाला.

"तीस? साठ आहे दादा. तूच नाही का लिहून घेतलंस?"

त्याने वही काढली. तीस. त्याच्याच अक्षरात, खाली रेघ मारून. धाकटीने खांदे उडवले आणि चुकून लिहिलं असशील म्हणाली. एवढंच कारण त्याला रात्रीपर्यंत पुरलं. पण आकडा चुकवील तो मिलिमीटर कसला? मंगळवारी सकाळी तो टेप घेऊन क्रेनपाशी गेला. साठ. पायरीची जाडी सहा. खोडलेलं, कापलेलं, नवं जोडलेलं काही नव्हतं. जोडांवर जुना गंज होता आणि पायऱ्यांच्या मधोमध बुटांनी झिजून चकाकी आलेली. फोनमधले त्या दिवशीचे फोटो काढून पाहिले, तर फोटोतही साठच. आता जगात तीस फक्त पेन्सिलीने लिहिलेल्या त्या वहीत उरलं होतं.

त्याने नमुना आठवला. पायऱ्यांतलं अंतर बारा मिलिमीटर, जाडी सव्वाच्या आतबाहेर. पन्नासने गुणायला त्याला कागद लागला नाही.

माणूस शहाणा असला की स्वतःला समजवायलाही हुशार असतो. टेप ताणली गेली असेल, धाकटीने एकाआड एक पायरी मोजली असेल, असं काहीबाही म्हणत त्याने दोन दिवस काढले. बुधवारी शिक्केबाईंनी कठड्याला मंजुरी दिली. गुरुवारी सकाळी तो पुन्हा क्रेनच्या पायथ्याशी उभा होता. खालच्या कठड्याचा पाइप त्याने मापं घेताना स्वतः मुठीत धरला होता, बोटं अंगठ्याला भेटली होती. आज त्याची मूठ अर्धीसुद्धा मिटेना. पाइप दहा सेंटिमीटर जाड होता, आणि थंड.

खालून हातवारे करून क्रेनला इशारे देणारा माणूस डबा उघडून बसला होता. "हा कठडा कधी बदलला?" मिलिमीटरने विचारलं.

"कोण बदलतंय? पहिल्यापासून असाच आहे."

मिलिमीटरने मनात नमुने मोजले. आता एकच उरला होता: केबिन. आणि ती कशी आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? दाराच्या जागी नुसती कोरलेली रेघ. काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या. आत खुर्ची नाही, दांडे नाहीत, पोकळीसुद्धा नाही. शिक्केबाईंच्या सांगण्यावरून केबिन भरीव होती.

संध्याकाळी त्याने धाकटीला गाठलं. "दोन दिवस रजा टाक."

"का?"

त्याने सांगितलं. सगळं, वहीसकट. ती आधी हसली, मग त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"दादा, तुझ्या खेळण्याच्या भीतीने मी रजा टाकू? माझ्याऐवजी वर कोण बसेल? तुला तर चौथ्या पायरीवर भोवळ येते."

"मंजुरी शनिवारी आहे. शनिवारी तरी जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

त्याचा चेहरा पाहून तिचं हसू ओसरलं. "बरं बाबा, शनिवारी नाही जात," ती म्हणाली, आणि त्याच्या जिवात जीव आला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला निरोप आला की शिक्केबाईंनी केबिन आजच मागितली आहे, अकरा वाजता.

धाकटी आठ वाजताच वर गेली होती. फोन ती खाली पेटीत ठेवत असे. त्याने तरी तीनदा लावला. वाजत राहिला.

टेबलावर केबिनचा नमुना होता, काडेपेटीहून थोडा मोठा. पाडून बुटाखाली चिरडला तर? तो विचार त्याने अर्धाच केला आणि घाईघाईने नमुना दोन्ही हातांत धरला, अंड्यासारखा.

मग त्याने खण उघडला. महिनाभर दुपारच्या सुट्टीत बसून त्याने धाकटीची बाहुली केली होती, तिला भेट द्यायला. खुर्चीवर बसलेली, दोन्ही हात दांड्यांवर, खुर्चीसकट एका तुकड्यात. जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ. त्याच्याकडे पोकळ केबिनचा जुना कच्चा नमुनाही होता, पारदर्शक काचांचा, जो त्याने हट्टाने केला होता आणि शिक्केबाईंनी नाकारला होता. त्याने दोन्ही उचललं आणि धावला.

"आत माणूस हवाच," तो म्हणाला.

शिक्केबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपलं ठरलंय ना? भरीव."

"बाई, बिनमाणसाची क्रेन असते का कधी? पोरं काचेतून बघतात. आत कुणी नसेल तर... बाई, मी तुमच्या पाया पडतो."

वीस वर्षांत हा माणूस नटांखेरीज कशावरून भांडला नव्हता. शिक्केबाईंनी पोकळ केबिन हातात घेऊन फिरवली. "दार उघडणारं चालणार नाही, आधीच सांगते. बिजागरी तुटली की पोरं गिळतात."

"मग दार मोठं करू, बिजागरी जाड करू..."

"दार बंद. यावर बोलायचं नाही. बाहुली ठेवायची तर ठेव, पण ती निघता कामा नये. ओढीच्या चाचणीत पास झाली तर शिक्का मारते. नाही झाली तर भरीव."

अकराला पाच मिनिटं होती. दार नंतर बघू, त्याला वाटलं. दार बंद असलं तरी काच फोडता येते, पत्रा कापता येतो. आधी ती आत असू दे, जिवंत असू दे. दगडात माणूस चिणल्यासारखी ती भरीव केबिन डोळ्यांसमोरून हलेना.

केबिनचं छप्पर काढून त्याने बाहुलीच्या तळाला झटक्यात धरणारा गोंद लावला. मग आणखी लावला. पाठीला, पोटऱ्यांना, दांड्यांवरच्या हातांना. चिमट्याने दाबून धरली. बाहुली बसली ती बरोबर मधोमध बसली.

ओढीच्या यंत्राने तिचं डोकं पकडलं. काटा चढू लागला. तीन किलो. पाच. मिलिमीटर ओठ चावून मनात म्हणत होता, निघू नकोस, बाई माझी, निघू नकोस. सात. नऊ.

निघाली नाही.

छप्पर चिकटलं आणि शिक्का पडला. मिलिमीटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि शिक्केबाईंनी त्याच्याकडे रुमाल सरकवला.

कामाच्या जागेवर तो पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. फाटकातूनच त्याने मान वर केली. केबिन तिथेच होती, काचा लख्ख. काचेमागे धाकटी बसलेली दिसत होती, पिवळं हेल्मेट, दोन्ही हात दांड्यांवर. वाचली पोरगी.

भोंगा झाला. जेवणाची सुट्टी. माणसं इमारतीवरून उतरली, नळाशी हात धुतले, सावली धरून बसली.

ती उतरली नाही.

"हिला हाक मारा ना," तो इशारेवाल्याला म्हणाला. "जेवायला येऊ दे."

"कुणाला?"

"माझ्या बहिणीला. वर आहे ती."

"हो, वरच आहे की." इशारेवाला घास घेत म्हणाला. "ती कशाला उतरेल?"

मिलिमीटर शिडीकडे पाहू लागला. पायऱ्यांवर धूळ साचली होती. झिजून आलेली चकाकी आता कुठेच नव्हती.

मागून कुणीतरी "आलात का मावशी, या" म्हणालं. त्याने वळून पाहिलं. आई येत होती. गुडघ्यांमुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही न जाणारी आई, हातात डबा घेऊन, ओळखीच्या वाटेने चालावं तशी सळया आणि वाळू चुकवत.

"तू आज इकडे कसा रे?" ती म्हणाली. "बरं झालं. जरा धर हे."

क्रेनचा आकडा सावकाश खाली आला आणि बरोबर तिच्यासमोर थांबला. त्याला एक डबा अडकवलेला होता. आईने तो सोडवला, हातात तोलून पाहिला, झाकण उघडलं. आत कालचं अन्न होतं, वाटी-चमच्यासकट, कुणी बोटही न लावलेलं.

"आजही तसाच," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत ठेवून नवा आकड्याला अडकवला. तिच्या हाताला त्याची सवय होती.

"आई, ती खाली का येत नाही?"

"असं काय विचारतोस?" आईने काळजीने त्याच्याकडे पाहिलं. "ऊन लागलं का तुला?"

त्याने इशारेवाल्याच्या कमरेची वॉकीटॉकी ओढून घेतली.

"धाकटे," तो म्हणाला. "मी आहे. दादा."

खरखर झाली. मग आवाज आला. "हं."

"मी वर येतो. मी काच फोडतो. ऐकतेस ना? काहीतरी बोल."

"हं."

ओठ मिटून काढावा तसा आवाज होता तो. पुन्हा आला. मग पुन्हा, वरच्या पट्टीत, जास्त लांब. मग थांबेचना. श्वास घ्यायलाही न थांबता तो चढत गेला, आणि काचेमागचं पिवळं हेल्मेट तसूभरही हललं नाही.

आईने जवळ येऊन वॉकीटॉकीला कान लावला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"बघ," ती म्हणाली. "तू आलास की किती बोलते."