ग्लानीतलं बाळ

वहिनींकडे येणारी माणसं बहुतेक हरवलेलं काहीतरी शोधायला यायची. ती बाई मात्र खुर्चीत टेकता टेकता म्हणाली, "मी कोणाची आहे, तेवढं शोधून द्या."

भावोजींना ती दुपार अजून आठवते. घराच्या पुढच्या खोलीतच वहिनींचं ऑफिस होतं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि तबकडीचा काळा फोन. वहिनींची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजात लोकांचे आवाज एकमेकांना जोडण्यात गेली. मग यंत्रं आली, ऑपरेटर घरी बसल्या आणि वहिनींनी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. लोक आधी हसले. मग हळूच येऊ लागले.

थोरला भाऊ गेल्यापासून भावोजी आपला फोटो स्टुडिओ दुपारचा बंद करून तिथं येऊन बसत. तपासात त्यांचा उपयोग बेताचाच. पण वहिनी म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही चुकीचं बोललात की मला बरोबर सुचतं." ही स्तुती की टोमणा, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आलेली बाई तरुण होती, शाळेत शिकवत होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कळा सोसवेनाशा झाल्या तर पेथिडिनचं इंजेक्शन देऊ का? मी घरी येऊन आईला सांगितलं. तिच्या हातातली कात्रीच पडली. म्हणाली, 'ते घेऊ नकोस. त्याच गुंगीत माझं मूल बदललं.'"

"म्हणजे तुम्ही..." भावोजी अडखळले.

"म्हणजे मी दुसऱ्या कोणाची तरी. आई म्हणते, तिचं मूल गेलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं तिच्या कुशीत आणून ठेवलं. हे सगळं माझ्या आत्याने घडवून आणलं. आता बाळंतपणाला ये म्हटलं, तर म्हणते, मला काय हक्क?"

"रक्त तपासलंत?"

"तपासलं. गट जुळतो. पण तसा तर निम्म्या गावाचा जुळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या." त्या काळात याहून पुढची तपासणी कोणाला ठाऊक नव्हती.

वहिनींनी पुढे वाकून विचारलं, "आईने तुला वाढवलं कसं?"

"फार जपून. कधी आवाज चढवला नाही. पाहुण्यांचं लेकरू सांभाळावं ना, तसं."

*

आईचं शिवणाचं दुकान म्हणजे एक खोली, खिडकीशी मशीन आणि कापडाचा तो कोरा वास. भावोजींना आपल्या लहानपणीच्या शिंप्याची आठवण झाली आणि ते उगाचच एका रिळाशी चाळा करत बसले.

"मला आधी सांगा," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला काय आठवतं ते. खरं-खोटं मी बघेन."

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"कळा सोसेनात. मग डॉक्टरांनी सुई दिली. दुखणं थांबलं नाही, पण ते माझं राहिलं नाही. भिंतीपलीकडच्या कोणाचं तरी दुखतंय, असं वाटायला लागलं. छत पाण्यासारखं हलत होतं. मूल झालं ते कळलं. पाहिलंसुद्धा. निळं आणि गप्प. सिस्टरने हिरव्या कपड्यात गुंडाळलं आणि पळत शेजारच्या खोलीत गेली. मग पलीकडच्या खाटेवर कोणीतरी ओरडलं. नंतर कोणीतरी रडत राहिलं. डोळे उघडले तर माझ्या कुशीत पांढऱ्या कपड्यात गुलाबी पोर. टाहो फोडत होती."

"मग तुमचा संशय कशावरून?"

"ती मला ओळखेना!" आईचा आवाज चिरकला. "टाहो संपला आणि झोपली. छातीशी धरावं तर मान टाकायची. सिस्टर तळव्यांना टिचक्या मारून उठवायची, की पुन्हा झोप. तो अख्खा दिवस तसाच गेला, दुसराही निम्मा. तिच्या मांडीवर सुईचा लाल टिपका होता. आता सांगा, माझं असतं तर माझ्या वासाने जागं झालं नसतं? परक्याचं लेकरू परक्या छातीला कसं तोंड लावणार?"

"आणि नणंद?"

"वन्सं बाहेर बसल्या होत्या. मी विचारलं, तर डोळ्याला डोळा देईनात. आजतागायत दिलेला नाही. मीही मग बोलणं टाकलं."

"इतकी वर्षं तुम्ही कोणाकडे तक्रार केली नाहीत?"

"केली असती तर पोर काढून घेतली असती ना." आईने पुन्हा चाक फिरवलं. "दुसरीची ठेव म्हणून वाढवली. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मला ती पलीकडची रिकामी खाट दिसते."

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "आत्यानेच केलं, वहिनी. गिऱ्हाइकाने डोळा चुकवला की फोटो घेतानाच मला कळतं, हा पैसे बुडवणार."

"डोळा चुकवणारा चोरच असतो असं नाही, भावोजी. कधी कधी आपणच चोर आहोत असं त्याला वाटत असतं."

*

आत्याचं इस्त्रीचं दुकान होतं. त्या बोलत होत्या आणि इस्त्री चालवत होत्या. बोलण्याला इस्त्रीची घाई नव्हती, इस्त्रीला बोलण्याची.

"मूल बदललं? शुद्धीवर आहे का ती? मी दारातच बसले होते. आणि इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं. डॉक्टरांच्या मनात आलं, त्यांनी दिलं."

"त्या दुसऱ्या बाईचं काय?"

"तिला आणलं ती ओरडतच. पायातलं काढायला सवड नाही, तशीच आत नेली. मी ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावते आहे, तोवर झालीसुद्धा बाळंत. पण रडण्याचा आवाज आला तो बाईचा. मुलाचा नाही."

"आणि तुमच्या भाचीचा आवाज?"

इस्त्री कॉलरवर थांबली. "उशिरा आला. जीव मुठीत धरून बसले होते मी. मग एकदम आला, असा खणखणीत! आणि पुन्हा सगळं चिडीचूप."

कापडातून जळका वास आला तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

"शर्ट भरून द्यावा लागणार बिचारीला," बाहेर पडल्यावर भावोजी म्हणाले.

"इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं, हे दोनदा सांगितलं त्यांनी. मी विचारलंच नव्हतं." वहिनींनी पदर सावरला. "एक्स्चेंजात असताना शिकले मी. माणूस न विचारलेलं दोनदा बोलला, की खरी गोष्ट त्याच्या मागच्या दारी उभी असते."

डॉक्टर कधीच वारले होते. उरल्या त्या सिस्टर. निवृत्त होऊन भाचीकडे राहत होत्या. गच्चीत कुंड्यांना पाणी घालता घालता बोलल्या. म्हाताऱ्या झाल्या तरी पाठ ताठ होती.

"हो, दोन्ही बाळं मी त्याच खोलीत नेली. प्राणवायूची सोय तिथंच होती. पहिल्याला उतारा दिला, म्हणजे पेथिडिनचा जोर मोडणारं औषध. जागं झालं, रडलं. दुसरं पोटातच गेलं होतं. त्याला कोण काय देणार?"

"त्या दुसऱ्या बाईला पेथिडिन दिलं होतं?"

"कधी देणार? ती आली काय न् झाली काय. आणि ते कपाट कुलुपात असायचं, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. ते यायच्या आत ती मोकळी झाली होती."

"हे तुम्ही आईला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! पण तिच्या डोळ्यांत गुंगी होती. मान हलवली, मला वाटलं कळलं." पाण्याची झारी रिकामी झाली तरी त्या ती तिरपी धरून उभ्या होत्या. "मग त्या दुसरीपाशी बसले. तिच्यापाशी कोणीच नव्हतं हो."

जिना उतरताना भावोजींनी ठाम मत दिलं. "दोन बाळं, एक खोली, एक सिस्टर. अदलाबदल तिथंच झाली. आता सिस्टर खोटं बोलते आहे. तिच्या शब्दापलीकडे पुरावा काय?"

वहिनी पायरीवरच थांबल्या. मग हसल्या. "वा, भावोजी! अगदी वेळेवर चुकलात."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच डॉक्टरीणबाईंना भेटून आल्या आणि सगळ्यांना शिवणाच्या खोलीत बोलावलं.

*

आई मशीनपाशी बसली होती, लेक खाटेवर. आत्या आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"भावोजी म्हणतात ते खरं आहे," वहिनींनी सुरुवात केली. "सिस्टरच्या शब्दावर भरवसा ठेवायचं कारण नाही. मग आपण पुरावा कुठून आणायचा? तुमच्याकडूनच, आई."

"माझ्याकडे काय आहे?"

"कुशीत आलेलं बाळ झोपाळू होतं. तुम्ही म्हणालात, परकं होतं म्हणून. पण नवजात बाळ रुसून झोपत नाही हो. त्याला भूक लागली की ते कोणाच्याही छातीला तोंड लावतं. मग हे का झोपत होतं?"

"पेथिडिन आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळात उतरतं. जन्म त्यानंतर दोन-तीन तासांत झाला तर बाळही गुंगीत येतं. श्वास मंद, अंग निळं, आवाज नाही. तुम्ही पाहिलंत ते मेलेलं मूल नव्हतं. तुमच्यासारखंच ग्लानीत होतं. सिस्टरने त्याच्या मांडीत उतारा टोचला. तो लाल टिपका त्याचाच. बाळ जागं झालं, गुलाबी झालं, रडलं. कपडा ओला होता म्हणून बदलला."

"पण मग पुन्हा झोपलं ते?" लेकीने विचारलं.

"तीच तर खूण. उताऱ्याचा जोर लवकर ओसरतो, पेथिडिन मात्र नवजात बाळाच्या अंगात बराच काळ रेंगाळतं. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडून खात्री करून आले. उताऱ्याने जागं झालेलं आणि पुन्हा गुंगीत गेलेलं बाळ, म्हणजे त्याच्या अंगात ते औषध होतंच. आता सांगा, त्या खोलीत ते कोणाला दिलं होतं? दुसरी बाई आली आणि लगेच बाळंत झाली. आत्या आणि सिस्टर, दोघींनी वेगवेगळं, एकमेकींना न भेटता हेच सांगितलं. तिच्या बाळाच्या अंगात पेथिडिन येणार कुठून? सिस्टरच्या मनात असतं तरी तिला दुसरीचं बाळ असं झोपाळू करून तुमच्याकडे देता आलं नसतं."

वहिनींचा आवाज खाली आला. "ही मान टाकत होती ती तुम्ही परक्या होतात म्हणून नाही. तुमचंच रक्त तिच्यात होतं म्हणून."

आईने दोन्ही हात मशीनवर टेकले. बराच वेळ ती लेकीकडे बघत राहिली. मग दाराकडे वळली.

"मग वन्सं, तुम्ही डोळा का चुकवलात?"

आत्यांचा कडक चेहरा एकदम विस्कटला. "तुझं ओरडणं ऐकवेना गं. मीच डॉक्टरांचा हात धरला, द्या म्हटलं. ते म्हणाले, देतो, अजून पुष्कळ अवकाश आहे. आणि तू दोन-तीन तासांतच मोकळी झालीस. मूल निळं आलेलं मी दारातून पाहिलं. वाटलं, माझ्या हातून गेलं. नंतर रडलं, वाचलं, पण तुला तोंड कसं दाखवू?"

"चूक डॉक्टरांचीही नाही," वहिनी म्हणाल्या. "कळा कधी घाई करतील, ते कोणी सांगावं?"

आई उठली. दारापर्यंत गेली आणि नणंदेचं मनगट धरून तिला आत ओढलं.

"अहो, तुम्ही म्हणाला नसतात तर मीच म्हटलं असतं. मला कुठं सोसत होतं?"

मग त्या दोघी रडल्या. लेकही रडली. भावोजी खिडकीतून रस्ता बघू लागले, कारण त्यांच्या चष्म्याला काहीतरी झालं होतं.

थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, "आणि ती दुसरी? तिचं ते मूल..."

"ते तिचंच होतं," वहिनी म्हणाल्या. "तिचं दुःख तिचं. तुम्ही तिचं काही घेतलेलं नाहीत."

*

पुढे एका सकाळी वहिनींचा फोन वाजला. वहिनी ऐकत राहिल्या, हं हं करत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"मुलगी झाली. इंजेक्शन घेतलं होतं, वेळ बघून दिलं, उतारा हाताशी ठेवून. लागला नाही. आजी आणि आत्या, दोघींमध्ये बाळाला आधी कोणी घ्यायचं यावरून जुंपली आहे. फोटो काढायला बोलावलंय तुम्हाला."

"आणखी काय म्हणाली आजी?"

"म्हणाली, नाकडोळे थेट माझ्यावर गेलेत."

भावोजी कॅमेरा घेऊन गेले. भिंगातून त्यांनी बाळाला नीट न्याहाळलं. नाक बोराएवढं, डोळे मिटलेले. खरं सांगायचं तर ते कोणावरच गेलेलं नव्हतं. आजी उत्तराची वाट बघत होती.

"अगदी तुमच्यावर," भावोजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.