निघताना काय म्हणाली

हसू नका रे पोट्टेहो. भगवंतराव माझ्या माहितीतला माणूस, पांढुर्ण्याचाच. मागच्या पौषातली अमावास्या, शनिवार. संध्याकाळी तो बाजारात गेला, मोबाइल टीव्हीला जोडायची वायर आणायला. सोबत पेढेही घेतले. निमित्त काय, तर न उलगडलेल्या गुन्ह्यांवरची एक जुनी मालिका कोणीतरी मोबाइलवर टाकली होती आणि तिच्या एका भागाच्या शेवटी 'विशेष आभार' म्हणून याचं नाव झळकत होतं. घरची बाई नाहीशी झाली, आणि हा पेढे वाटतोय! काय म्हणावं अशा माणसाला?

ती बाई म्हणजे त्याची वहिनी, केसरबाई. नवरा वारल्यानंतर श्रावणातल्या एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला म्हणून निघाली, ती परतलीच नाही. दारात तेव्हा हा एकटाच होता. यानं सगळ्यांना सांगितलं, निघताना 'जातो' म्हणाली. आता आपल्याकडची बाई बोलते पुरुषासारखंच, पण शेजारी विरजण मागायला निघाली तरी 'येतो' म्हणते. 'जातो' म्हणाली म्हणजे कायमची गेली, कोणाचा तरी हात धरून गेली, असं लोकांनी धरलं. शोध थांबला. संत्र्याच्या बगिच्यातला तिचा हिस्सा याच्या घशात गेला. तिची लहानगी सुचिता सौसरला मामाकडे वाढली, 'पळालेल्या बाईची पोर' हे ऐकत.

मालिकावाल्यांनाही यानं तेच सांगितलं. त्या शहाण्यांनी नटीच्या तोंडी 'जाते' घातलं. पांढुर्ण्याची बाई आणि 'जाते'! पण त्यांना कोण सांगणार?

त्या रात्री शेजारचा सुरेश आला, त्याची बायको अमिता आली. सुचिताही आली, खास सौसरहून. नटी दारात वळून 'जाते' म्हणाली आणि भगवंतरावानं मांडीवर थाप मारली. "पाहा, माह्या तोंडचा शब्द!"

सुचितानं हळूच विचारलं, "काकाजी, आई खरंच 'जातो' म्हणली होती?"

"सांगून राहिलो ना पोरी. या कानानं ऐकलं."

"देवाची शपथ?"

"देवाची शपथ." आणि या निर्लज्जानं तोंडात पेढा टाकला.

पोर उठली. सुरेशकडे झोपायला गेली. यानं दाराला आतून कडी घातली आणि स्वतःचं नाव पाहायला तो भाग पुन्हा लावला.

नटी दारात आली. वळली.

"येतो."

भगवंतरावाला वाटलं, कानाचा दोष. मागे घेऊन पुन्हा लावलं. तीच नटी, तेच दार. आवाज मात्र नटीचा नव्हता. दम लागलेला, ओळखीचा.

"येतो, भाऊजी."

त्यानं वायर उपटली. टीव्ही काळा झाला. घर गप्प.

"तू... तू 'येतो'च म्हणली होती, वहिनी," तो पुटपुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला, तेही भिंतीशी. "मीच..."

बाहेर फाटक करकरलं.

मग काही नाही...

मग कडी हलली. आतली.

भिंतीपलीकडून सुरेशनं एवढंच ऐकलं, "बस ना, वहिनी..." त्याला वाटलं, टीव्ही चालू आहे.

सकाळी हाका मारून दार उघडेना, तेव्हा सुरेशनं ते फोडलं. कडी आतून जशीच्या तशी होती. भगवंतराव खुर्चीत बसलेला, जिवंत. तो अजून जिवंत आहे. बोलत मात्र नाही. तोंडातून शब्द नाही. नाहीतरी त्याच्या शब्दाची किंमत काय होती?

आत दुसरं कोणीच नव्हतं.

पण दाराबाहेर, उंबऱ्यापाशी, बाईच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. जुन्या घडणीच्या, चिखलानं भरलेल्या. पौषात कुठला चिखल? अमिता म्हणाली, माझ्या नाहीत. सुचिता पुढे आली. ती खाली बसली आणि पदरानं त्या पुसायला लागली.