शेजारी उभं राहण्याचा नियम

वजनकाट्यावर ठेवलेल्या ड्रोनचे पाय गुलाबी होते… आणि तिला हसू आवरेना.

आता त्या परवाना कचेरीत कुणी जात नाही, सगळं फोनवर होतं. पण तेव्हा रांग असायची, डोक्यावर कुरकुरणारा पंखा असायचा, आणि काउंटरमागे कधीही न हसणाऱ्या एक बाई असायच्या. ड्रोनचे नवे नियम नुकतेच लागू झाले होते. अडीचशे ग्रॅमच्या आतलं ड्रोन म्हणजे खेळणं, ते कुणीही उडवावं. त्याच्या वर गेलं की परीक्षा, नोंदणी आणि शंभर भानगडी. घरी बनवलेल्या ड्रोनला तर नोंदणीच मिळायची नाही. तिच्या पुढच्या माणसानं घरी बनवलेलंच ड्रोन आणलं होतं, आणि काटा दोनशे बासष्टवर अडून बसला होता.

"बाराच ग्रॅम जास्त आहे हो," तो काकुळतीनं म्हणाला.

"बारा असो नाहीतर बाराशे. जास्त ते जास्त."

त्यानं पात्यांभोवतीची कडी काढली. मग कॅमेऱ्याचं झाकण. मग नखानं एक स्टिकर खरवडू लागला.

"स्टिकरचं वजन किती असेल?" त्यानं मागे वळून तिलाच विचारलं.

"पाव ग्रॅमसुद्धा नाही. पाय काढा. जड तेच दिसतायत."

"पाय नाही काढणार." त्यानं ड्रोन छातीशी धरलं. "कवळीच्या मालाचे आहेत."

"कशाच्या?"

"कवळीच्या. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. त्यातल्या हिरड्यांचा माल उरतो ना… त्याचे."

ती इतक्या मोठ्यानं हसली की पंख्याची कुरकुरही क्षणभर ऐकू येईना. तो आधी ओशाळला, मग तोही हसला. हसताना त्याचा एक पुढचा दात थोडा तिरका दिसायचा. जगाचे दात सरळ करणाऱ्याचा स्वतःचा दात तिरका… हे तिनं तेव्हाच टिपून ठेवलं.

"पुढे या," काउंटरवरच्या बाई तिला म्हणाल्या. "तुमचं ड्रोन कामाचं ना? मग निरीक्षक कुठंय?"

ती गच्च्या, पाण्याच्या टाक्या, उंच धुराडी यांचे वरून फोटो काढून द्यायची. कुठं तडा गेलाय, कुठं पाणी मुरतंय, ते सांगायची. नव्या नियमानं तिच्या कामाला एक माणूस चिकटवला होता. पायलटची नजर स्क्रीनवर असते, म्हणून ड्रोनवर नजर ठेवायला दुसरं कुणीतरी हवं, आणि तेही पायलटच्या अगदी शेजारी, हळू बोललेलं ऐकू येईल इतकं जवळ.

"त्या काय, बाकावर. माझी आत्या."

आत्या काळा चष्मा लावून बाकावर बसल्या होत्या. मान एका बाजूला कलली होती.

"निरीक्षकांचा डोळा लागलाय," तो हळूच म्हणाला.

आत्यांना उठवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. पहिली ओळ त्यांनी वाचली, दुसरी अंदाजानं ठोकून दिली. बाईंनी मान हलवली. नापास.

बाहेर पायरीवर तिघंही आपापलं दुःख घेऊन उभी राहिली.

"काय गंमत आहे बघा," तो म्हणाला. "माझ्याकडे डोळे आहेत, उडवायला काही नाही. तुमच्याकडे ड्रोन आहे, पण…"

"मग अडलंय कुठं?" आत्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. "लॅब किती वाजता उघडते तुमची?"

"अकराला."

"म्हणजे सकाळ रिकामी. ठरलं! आणि हो, माझी कवळी बोलताना हलते, तेवढी बघून द्या."

असा तो तिच्या सकाळींमध्ये आला.

कुणाच्या तरी गच्चीवर कोवळं ऊन असायचं, ओल्या सिमेंटचा वास असायचा, आणि तो हातभर अंतरावर. उडवण्याआधी निरीक्षकानं मोठ्यानं बोलायचं, अशी पद्धत होती.

"वारा कमी. पक्षी नाहीत. तारा डावीकडे." मग तो तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे डोकवायचा. "सॅटेलाइट… थांबा, अजून यायचेत."

हे थांबणं महत्त्वाचं होतं. पुरेसे सॅटेलाइट सापडले की यंत्र आपली जागा ओळखतं आणि परतीचं बटण दाबलं की तिथं परत येतं. घाई केली, तर ते मागच्या वेळी जिथून उडालं होतं तिकडे निघतं. ही चूक नवशिके करतात. ती दहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

आणि तरी… सॅटेलाइटचा आकडा पुरेसा झालेला तिला स्वच्छ दिसत असायचा. तो मात्र म्हणायचा, "थांबा, अजून यायचेत." त्याच्या बाहीला प्लास्टरचा मंद वास असायचा. ती थांबायची. विज्ञान शिकलेली बाई, समोरचा आकडा खोटा पाडून थांबायची.

"आज फार वेळ लावतायत हो तुमचे सॅटेलाइट," एकदा ती म्हणाली.

"लांबून यायचं असतं त्यांना." त्यानं नजर आभाळातून हलवली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

आत्यांची कवळी घट्ट बसली आणि त्यांची जीभ सुटली. "अगं, नजर ड्रोनवर ठेवतो म्हणतो ना तो? मग तुझ्या ओढणीचा रंग त्याला कसा ठाऊक?"

"आत्या!"

"मी आपली नापास निरीक्षक. मला काय दिसतंय!"

वर्ष सरत आलं आणि नियम पुन्हा बदलले. चारी बाजूंनी अडथळे ओळखणाऱ्या ड्रोनला आता निरीक्षक नको होता. तिचं तसंच होतं. शिवाय दलदलीपलीकडचं हौशी लोकांचं मैदान पुन्हा खुलं झालं, तिथं घरी बनवलेली ड्रोनं अर्धा किलोपर्यंत चालणार होती. दोघांनीही वर्षभर हेच तर मागितलं होतं. देव एका हातानं देतो तेव्हा दुसऱ्या हातानं काय उचलतो, ते मात्र कुणी बघितलं नव्हतं. उद्यापासून त्यानं तिच्याकडे यायचं तरी कशाच्या निमित्तानं?

शेवटच्या रविवारी ती दोघं मैदानावर गेली. गुलाबी पाय घेऊन त्याचं ड्रोन वर्षानं उडालं, जरा तिरकं, पण उडालं. मग तिनंही आपलं तिथूनच उडवलं. दोन्ही ड्रोन बराच वेळ शेजारी शेजारी तरंगत राहिली. खालची माणसं मात्र हातभर अंतर राखून.

"म्हणजे… मी आता मोकळा," तो म्हणाला.

"हो. मीपण."

"चांगलंच झालं."

"चांगलंच."

तो वाकला आणि गवतात न पडलेला स्क्रू शोधू लागला. तिनंही शोधायला मदत केली.

सोमवारी ती एका गोदामाच्या छतावर एकटी होती. इथून दलदल दिसायची, तिच्यापलीकडे ते मैदान… चिमटीत मावेल एवढं. तिकडे बघायचं नाही, असं ठरवून ती जिन्यावरच्या पत्र्याखाली उभी राहिली. स्वतःशीच चिडलेली. वारा कमी. पक्षी नाहीत. "थांबा" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ती थांबली नाही, पत्र्याखालूनच ड्रोन उडवलं.

फोटो झाले. तिनं परतीचं बटण दाबलं.

ड्रोन उंच चढलं, वळलं… आणि तिच्याकडे पाठ फिरवून दलदलीवरून चालू लागलं.

क्षणभर तिला उमगेना. मग उमगलं. पत्र्याखाली सॅटेलाइट सापडलेच नव्हते. दहा वर्षांतली पहिली चूक. यंत्राला आठवत होती ती कालची जागा. स्क्रीनवर लाल अक्षरं लुकलुकत होती: रद्द करा. तिचा अंगठा त्यावर गेला. बॅटरी भरपूर होती, खाली माणूस नाही की काणूस नाही, ड्रोन नजरेच्या टप्प्यात होतं. सगळं नियमात बसत होतं.

तिनं अंगठा उचलून घेतला.

मैदानावर एक ठिपका धावताना दिसला. मग तिचा फोन वाजला.

"अहो, सकाळ रिकामी म्हणून मैदानावर आलो, तर तुमचं ड्रोन आलंय इकडे! एकटंच!" तो धापा टाकत होता. "सॅटेलाइट बघितले नाहीत का?"

"नाही."

"तुम्ही? तुम्ही चुकलात?"

"उडवताना चुकले. नंतर रद्द करता आलं असतं."

"मग?"

"नाही केलं."

दूरचा ठिपका अगदी स्तब्ध झाला होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "सॅटेलाइट रोज लगेच सापडायचे. तुम्ही उगाच थांबवायचात."

"तुम्हाला… माहीत होतं?"

"स्क्रीन माझ्या हातात असायची."

"मग बोलली का नाहीस कधी?" तो म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते कळून गडबडला. "म्हणजे… नाही बोललात."

"राहू दे. पहिलंच बरं होतं." ती म्हणाली. "थांबावंसं वाटायचं, म्हणून नाही बोलले. तू तिथंच थांब. मी येतेय."

"ड्रोन न्यायला?"

"ड्रोनपण."

त्यानंतर नियम कितीदा बदलले, त्याची गणती तिनं सोडून दिली. आता ड्रोन स्वतःच वारा जोखतं, स्वतःच वाट काढतं. शेजारी उभं राहा, असं कुठल्याच नियमात नाही. गुलाबी पायांचं ड्रोन घरातल्या फळीवर बसून असतं, आत्या त्याच्यावरची धूळ पुसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कथा कवळी न हलू देता सांगतात.

सुट्टीच्या सकाळी मात्र तो अजून तिच्याबरोबर गच्चीवर येतो. तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे डोकावतो. पुरेसे सॅटेलाइट केव्हाच सापडलेले असतात.

"थांब," तो म्हणतो. "अजून यायचेत."

ती थांबते.