तळाचं भोक

ही गोष्ट खरी आहे. रचली असती, तर भावोजींना मी जरा बरा माणूस केला असता.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. आत ओटा, पलंग, हीटर असं सगळं बिऱ्हाड असलेल्या जुन्या घरगाड्या ते दुरुस्त करतात. कुठे फट दिसली की पांढरं सिलिकॉन भरायचं आणि डाव्या अंगठ्याने दाबायचं. त्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. तीच त्यांची सही.

एका निवृत्त बाईंची गाडी आली. पंचवीस वर्षांची. बाई तिच्यातच राहायच्या. तक्रार एकच, पायांना वारा लागतो.

तळाला भोक होतं. गॅसच्या हीटरला हवा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेलं. ते बुजवायचं नसतं.

भावोजींनी बुजवलं. गिऱ्हाइकाला ‘मोजे घाला’ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

“भोक कशासाठी होतं हो, मिस्त्री?” बाईंनी विचारलं.

“उंदरांच्या सोयीसाठी.”

थंडी पडली. बाई हीटर लावून झोपल्या, त्या कोंडलेल्या हवेत उठल्याच नाहीत.

सांत्वनाला भावोजी सगळ्यांच्या आधी पोचले. गाडीखाली सरकले आणि सिलिकॉन खरवडून आले. बाईंचं वयच झालं होतं, असं सर्वानुमते ठरलं.

दोन महिन्यांनी बाईंच्या पुतण्याने तीच गाडी विकण्याआधी दुरुस्तीला पाठवली.

मंगळवार. दुपारचे तीन. भावोजी आत उभं राहून छत तपासत होते. पायांना वारा लागत होता...

मग लागेना.

त्यांनी खाली पाहिलं. भोक बुजलेलं. सिलिकॉन ओलं. त्यावर अंगठ्याचा ठसा...

आडव्या व्रणासकट.

दार उघडेना. खिडक्यांच्या कडाही पांढऱ्या. आणि मागे हीटरची बारीक फुसफुस...

“उंदीर आले का हो, मिस्त्री?”

चहा घेऊन आलेल्या ताईने बाहेरून काच फोडली, म्हणून वाचले.

तेव्हापासून त्यांच्या घरात रोज एक भोक बुजतं. कुलपाचं. बेसिनचं. परवा तर ताईच्या सुईचं. ताई म्हणते, पुतण्याला खरं सांगून टाका. भावोजी म्हणतात, सांगण्यासारखं आहे काय त्यात?

काल त्यांचा फोन आला. आवाज नाकातला. सर्दी झाली का, मी विचारलं.

“नाही रे. सकाळपासून डावी नाकपुडी... पांढरं काहीतरी आहे.”

“भावोजी, आत्ताच्या आत्ता पुतण्याला फोन करा,” मी म्हटलं. “तोंड उघडतंय तोवर.”

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही...

ते मुद्दाम गप्प होते, असं मी अजून स्वतःला सांगतोय.