सुरईवरचं सतरावं पान

चांदीवर नक्षी उठवणारा तो कारागीर भर दुपारी बाईंच्या घरी पोचला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई गल्लीच्या टोकाला एकट्याच राहत. घरातली चांदीची सुरई दुकानात पाठवायला त्या काही केल्या तयार होईनात, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन तोच आला होता.

सुरई जुनी आणि देखणी. तळाशी दगडी खांबांच्या माथ्यावर कोरतात तशी दातेरी कडांची रुंद पानं, आणि त्यांतून गळ्यापर्यंत चढलेला द्राक्षाचा वेल.

"वेलाला सोळा पानं होती," बाई म्हणाल्या. "आता सतरा झालीत. जास्तीचं तेवढं ठोकून सपाट करा."

"मोजताना चुकलं असेल, बाई."

"एकटीला दुसरं काम काय? रोज मोजते."

तो मनाशी हसला. बायको गेल्यापासून तोही भिंतींशीच बोलायचा. माणूस घरी यावं म्हणून एकटा जीव कसलंही निमित्त काढतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वाद न घालता तो कामाला बसला. बाई आत गेल्या.

ठोक्यांनी चांदी चेपू नये म्हणून सुरईत त्यानं गरम राळ ओतली. ती निवून घट्ट झाल्यावर बाईंनी दाखवलेल्या पानावर बोथट छिन्नी टेकवली आणि हलकेच ठोका दिला. चांदी वाजली नाही. छिन्नी मऊ, ओल्या पानात रुतावी तशी रुतली. खोलीभर खुडलेल्या पाल्याचा उग्र वास पसरला. त्यानं दुसरा ठोका दिला.

"हळू... दुखतं..."

आवाज अगदी कानाशी. बाईमाणसाचा, दमलेला.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"मला काय झालंय?" चहाचे दोन कप घेऊन बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याचा चेहरा पाहून त्या थबकल्या. "तुम्हालाही... ऐकू आलं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली आणि छिन्नी खाली ठेवली.

बाईंनी कप खाली ठेवून डोळे टिपले. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. मग राहू दे ते पान."

"बाई, ही वस्तू घरात ठेवू नका."

"अहो, अकरा वर्षांत या घरात माझ्याशी दुसरं कोण बोललंय?"

राळ काढून देऊन, चहा तसाच टाकून तो निघाला. फाटक लावताना आतून बाईंचं बोलणं कानावर आलं. त्या मध्येच थांबत, हसत, पुन्हा बोलत होत्या.

त्याच्या घरी चांदीची एकच वस्तू होती. बायकोची छोटी डबी. तिला नक्षी आवडायची नाही, म्हणून त्यानं ती साधीच घडवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती सहज हातात घेतली. झाकणावर नखाएवढं पान उठून आलं होतं. एका बाजूच्या शिरा अजून उमटायच्या होत्या.

त्यानं बोट लावलं. पान कोमट होतं.